गुरूची चीज आणि शिष्याचा गळा

गुरूच्या पुण्यतिथीस शिष्यांनी एकत्र जमावे, तसबिरीस हार घालावा आणि गुरूच्या चार चिजा गाऊन सेवा रुजू करावी, हा आपल्याकडील रिवाज जुना आहे आणि चांगलाही आहे. परंतु अशा बैठकीतून उठताना जाणत्या श्रोत्याच्या मनात पुष्कळदा एक शंका रेंगाळत राहते. आज गायिली गेली ती चीज गुरूची खरी. पण जे कानी पडले त्यात गुरू किती होते आणि शिष्य किती होता? शिष्य हुबेहूब गुरूसारखा गाइला, तर श्रोते बैठकीत माना डोलावतात आणि घरी जाताना म्हणतात, 'नक्कल उत्तम साधली.' तो आपल्या मनाप्रमाणे गाइला, तर म्हणतात, 'गाणे रंगले खरे, पण बुवांचे ते नव्हे.' शिष्याची अशी दोन्हीकडून कुचंबणा होते. गुरूच्या रचनेस वंदन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

केवळ तर्काने या प्रश्नाचा निकाल लागणार नाही. एखादे ठळक उदाहरण पुढे ठेवूनच विचार केला पाहिजे. आणि ते उदाहरण कोल्हापूरकरांच्या घरचेच आहे. अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजपुतान्यातील उनियारा येथे झाला. १८९५ साली शाहू महाराजांनी त्यांस कोल्हापूरच्या दरबारी आश्रय दिला आणि १९२२ साली महाराज निवर्तले तोपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, ते या दरबारचे गवई होते. पुढे त्यांचा मुक्काम मुंबईस पडला आणि १९४६ च्या मार्चमध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर, तेथेच त्यांचा अंत झाला. आज ज्यास जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात त्याचे नाव उत्तरेकडील दोन गावांवरून पडले असले, तरी त्या गायकीची पुष्कळशी घडण आणि जोपासना या करवीर नगरीत झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

खाँसाहेब नुसते गाणारे नव्हते, रचणारेही होते. 'अहमदपिया' या मुद्रेने त्यांनी स्वतः चिजा बांधल्या. घराण्यात चालत आलेल्या जुन्या चिजा घासूनपुसून लखलखीत केल्या. धृपद-धमारांच्या पोटातील ऐवज ख्यालात आणला. आणि बसंती केदार, नट कामोद, संपूर्ण मालकंस, ललितागौरी, बिहागडा यांसारखे जोडराग व अनवट राग आपल्या गायनाने प्रचारात रुळविले. जोडराग हा शब्द सहज उच्चारला जातो; परंतु दोन रागांचे तुकडे एकापुढे एक मांडले म्हणजे जोडराग झाला, असे नव्हे. सुताराने दोन फळ्या खिळ्यांनी ठोकणे वेगळे आणि सांधा दिसणार नाही अशा रीतीने एकीत एक बसविणे वेगळे. खाँसाहेबांच्या चिजांत हा सांधा कोठे आहे ते बोट ठेवून दाखविणे कठीण जाते. बसंत केव्हा संपला आणि केदार केव्हा सुरू झाला हे कळेपर्यंत गवई समेवर पोहोचलेला असतो.

या गायकीच्या उगमाविषयी घराण्यात एक हकीकत परंपरेने सांगतात. तरुणपणी एका संस्थानात असताना अतोनात गावे लागल्यामुळे खाँसाहेबांचा आवाज बसला आणि बराच काळ तो उघडला नाही. पुढे जो गळा परत मिळाला तो पूर्वीचा राहिला नव्हता. त्यात पहिला गोडवा व पहिला पल्ला नव्हता. तेव्हा त्यांनी आपले गाणेच नव्याने रचले. आवाजाच्या लालित्यावर भिस्त न ठेवता त्यांनी लयीच्या गुंफणीवर, वक्र चालीच्या तानांवर आणि एका आवर्तनातून दुसऱ्या आवर्तनात न तुटता जाणाऱ्या स्वरवाक्यांवर ती ठेविली. दुखावलेल्या गळ्याने आपल्यासाठी काढलेली ही वाट होती. आणि आश्चर्य असे की, ज्यांचे गळे धडधाकट होते, किंबहुना ज्यांना परमेश्वराने असामान्य कंठ दिला होता, त्यांनीही तीच वाट आपली म्हणून पत्करली. यावरून एक गोष्ट उघड होते. गुरूपासून शिष्याकडे जे गेले तो आवाज नव्हता. आवाज जाऊच शकत नाही. जी गेली ती गाण्याची बांधणी.

याच ठिकाणी अडचण उभी राहते. खाँसाहेबांनी आपला आवाज ध्वनिमुद्रिकेत कधी उतरवू दिला नाही. त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रणाचा धंदा या देशात चांगला फोफावला होता. त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या. पण त्यांची स्वतःची एकही तबकडी मागे राहिली नाही. वृद्धपणी नातू अझिझुद्दीनखाँ यांस सांगून लिहविलेले आत्मकथन आहे; गोविंदराव टेंब्यांसारख्या रसिकांच्या आठवणी आहेत; गाणे मात्र नाही. मूळ चित्र नष्ट व्हावे आणि शिष्यांनी काढलेल्या प्रतींवरूनच ते ओळखावे लागावे, तशी आपली स्थिती आहे. शिष्यांनी गुरूच्या चिजा गाणे ही म्हणूनच येथे केवळ कृतज्ञता राहत नाही. गुरूविषयीचा तोच एक पुरावा उरतो. आणि पुरावा म्हटला की त्याची तपासणी आली.

ती तपासणी कशी करावी हे समजण्यास एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल, कारण तेथे मूळ आणि प्रत ही दोन्ही ऐकावयास मिळतात. अमेरिकेतील निग्रो समाजाच्या संगीतातून जन्मलेल्या जाझ या प्रकाराकडे आपल्याकडील सुशिक्षित घरांत अजूनही हॉटेलातील नाचाचे संगीत म्हणून पाहिले जाते. तो समज सोडून द्यावा. त्याचे एक अंग आपल्या ख्यालाच्या पुष्कळ जवळचे आहे. प्रथम एक बांधलेली रचना वाजवावयाची. मग तिच्या स्वरसंघांचा क्रम आणि मात्रांची संख्या कायम ठेवून, आवर्तनामागून आवर्तन, त्याच सांगाड्यावर जागच्या जागी नवे स्वरवाक्य रचीत जावयाचे. आणि शेवटी पुन्हा मूळ रचनेवर यावयाचे. हे काम तिघेच जण करतात तेव्हा एक पियानो, एक मोठा खर्जाचा तंतुवाद्यवाला आणि एक तालवाद्यवाला असा मेळ असतो. फार तर आपला गवई, तंबोरा आणि तबला यांची आठवण व्हावी. परंतु तेथील खर्जवाला तंबोऱ्यासारखा एका जागी बसत नाही, तो चालता असतो.

या क्षेत्रात थेलोनिअस मंक (१९१७–१९८२) हा एक विलक्षण रचनाकार होऊन गेला. त्याच्या रचना ओबडधोबड वाटतात. मध्येच स्तब्धता येते, मध्येच दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबल्यामुळे कानास टोचणारा स्वर निघतो, अपेक्षा असते तेथे आघात नसतो आणि नसते तेथे असतो. 'थेलोनिअस' या स्वतःच्याच नावाच्या रचनेत तर तो बहुतेक एकाच स्वरावर घण घालीत राहतो आणि त्या स्वराखालची भूमी मात्र सारखी बदलत जाते. बड पॉवेल (१९२४–१९६६) हा त्याहून सात वर्षांनी लहान. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स या अड्ड्यावर मंकने या पोरास पुढे आणले, त्याची पाठराखण केली आणि १९४७ साली त्याच्यावर एक रचनाही केली. पॉवेलचा स्वभाव गुरूच्या अगदी उलट होता. मंक थांबून थांबून बोलणारा, तर पॉवेलच्या उजव्या हातातून स्वरांचा लोंढा वाहावयाचा. पुढे आजारपणाने आणि इस्पितळांच्या फेऱ्यांनी पॉवेल पोळून निघाला. १९६१ च्या डिसेंबरात पॅरिस येथे, पिएर मिशलो व केनी क्लार्क या दोघांस बरोबर घेऊन, त्याने एक तबकडी मुद्रित केली. ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'थेलोनिअसचे चित्र' अशा अर्थाचे आहे आणि तीत मंकच्या चार रचना आहेत. तालवाद्यवाला क्लार्क हा मिंटन्समध्ये मंकच्याच जोडीने वाजविणारा होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या तबकडीत काय ऐकू येते? पॉवेलच्या बोटांत तरुणपणची चपळाई उरलेली नाही, हे प्रथम जाणवते. परंतु त्याने मंकची नक्कल केलेली नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. मंकसारखा तो लांब लांब थांबत नाही. रचना संपवून पुढे जाताच त्याचे स्वतःचे वाहते वाक्य सुरू होते. तथापि रचना वाजविताना तिच्यातील एकही कंगोरा तो घासून गुळगुळीत करीत नाही. टोचणारा स्वर टोचावयाचा तेथे टोचतो. एकाच स्वरावरचा घण तेथेच पडतो. चित्राच्या रेषा गुरूच्या, त्यातील रंग शिष्याचे. मंकच्या स्वतःच्या तबकड्या उपलब्ध असल्यामुळे ही वाटणी आपण मिनिटामिनिटाला पडताळून पाहू शकतो. यातून निघणारे तात्पर्य असे, की रचनेतील जे अवघड ते न सोडणे हे गुरूस वंदन होय; बाकीच्या बाबतीत शिष्याने स्वतःचा श्वास घ्यावा, त्यात अपराध नाही.

पियानोच्या पट्टीतून मींड निघत नाही, तशी ती आपल्या पेटीतूनही निघत नाही. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे पेटी एकट्याने वाजवून मैफल रंगविणारे होते. स्वरांत मींड नाही, शब्द नाहीत, अशा वाद्यातून ख्यालाचे काय उरते, या प्रश्नाशी त्यांची जन्मभर गाठ होती. वाद्य जेव्हा इतके हिरावून घेते तेव्हा मागे उरते ती बांधणीच. स्वर कोणत्या मात्रेला पडला, वाक्य कोठे वळले, मुखडा कोणत्या वाटेने समेस आला, एवढेच उरते. 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) या त्यांच्या पुस्तकात गवयांच्या गायकीची जी मार्मिक पारख आढळते, तिच्यामागे या पेटीच्या मर्यादेने लावलेले वळण असावे, असे मला वाटते.

आता आपल्या मूळ विषयाकडे वळू. मंकच्या बाबतीत मूळ आणि प्रत शेजारी शेजारी ठेवता येतात. खाँसाहेबांच्या बाबतीत मूळच नाही. मग काय करावे? भूमापन करणारे लोक दूरच्या शिखरापर्यंत चालत न जाता त्याची जागा ठरवितात. वेगवेगळ्या ठिकाणांहून त्यावर दुर्बीण रोखतात आणि रेषा जेथे मिळतात तेथे शिखर आहे असे मानतात. आपणही तसेच करावे. एकाच गुरूची विद्या तीन निरनिराळ्या गळ्यांत पाहावी. जेथे तिघांचे एकमत होते ते गुरूचे, जेथे ते वेगळे पडतात ते त्यांचे त्यांचे, असे ढोबळ मानाने धरून चालावे. असे तीन गळे आपल्या सुदैवाने आपणांस लाभले आहेत. ते म्हणजे केसरबाई केरकर (१८९२–१९७७), मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आणि मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२).

तिघेही खाँसाहेबांच्या विद्येपाशी वेगवेगळ्या वाटांनी आले, आणि म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची आहे. केसरबाई मूळच्या गोव्याच्या. लहानपणी त्यांचे कुटुंब काही काळ कोल्हापुरात होते आणि तेथे त्यांस अब्दुल करीमखाँसाहेबांची आठ महिने तालीम मिळाली. पुढे आणखी थोर गवयांकडे शिकून, तयार गायिका झाल्यावर, १९२१ साली त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला. म्हणजे आधीचे पुष्कळसे पुसून नव्याने लिहावे लागले. मोगूबाईंची गोष्ट निराळी. नाटकमंडळ्यांतून वाढलेली ही मुलगी सांगलीस राहत असताना, औषधोपचारासाठी तेथे आलेल्या खाँसाहेबांच्या कानी तिचा रियाज पडला आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकविण्यास आरंभ केला. पुढे खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांचीही तालीम तिला लाभली. मन्सूर तर धारवाडकडील. मिरजेच्या नीळकंठबुवांपाशी ग्वाल्हेरची तालीम घेऊन तयार झालेले. त्यांस खाँसाहेबांची विद्या मिळाली ती मुलांच्या हातून. प्रथम मंजीखाँ यांजकडून आणि १९३७ साली मंजीखाँ अकाली वारल्यावर धाकटे बंधू भुर्जीखाँ यांजकडून. भुर्जीखाँ हे कोल्हापुरास राहिले आणि १९५० साली त्यांचा अंत झाला. ज्यास वडिलांची विद्या मुलांमार्फत मिळाली, त्याचे गाणे थेट शिष्यांच्या गाण्याशी कोठे जुळते हे पाहणे तर अधिकच उद्बोधक आहे.

या तिघांचे गाणे लागोपाठ ऐकले तर प्रथमदर्शनी ही एका घरची माणसे आहेत असे वाटतच नाही. केसरबाईंचा आवाज भरदार, खुला, आणि मंद्रापासून तारसप्तकापर्यंत सारख्या जाडीचा. सांडणीवरून राजेशाही थाटात जावे तसे त्यांचे आवर्तन चालते, घाई म्हणून कोठे नाही. मोगूबाईंच्या गाण्यात थाट नाही, नीटनेटकेपणा आहे. एखाद्या सुगरणीच्या हातून तांदळाचा एक दाणाही खाली पडू नये तशी एकही मात्रा त्यांच्या हातून सांडत नाही. आणि मन्सूर म्हणजे ओढ. राग उघडून दाखविण्यास त्यांस वेळ लागत नाही. दोन आवर्तनांत सगळे घर उजळते आणि मग ते एका दमात, वाक्याला वाक्य चिकटवीत, समेकडे झेपावतात. तासाभराचा राग ते पंचवीस मिनिटांत आटोपतात आणि तरी काही राहून गेले असे वाटत नाही.

परंतु कान जरा वेगळ्या ठिकाणी लावावा. आवाजाकडे आणि स्वभावाकडे लक्ष न देता बांधणीकडे द्यावे. मग एकेक जुळणी दिसू लागते. पहिली गोष्ट लयीची. तिघेही मुख्यत्वे सोळा मात्रांच्या विलंबित त्रितालात गातात, परंतु तो विलंबित इतका कधीच संथ होत नाही की मात्रांमधील अंतर रिकामे पडावे. दुसरी गोष्ट चिजेच्या अक्षरांची. शब्दांची अक्षरे मात्रेवर सरळ बसत नाहीत. ती मात्रेच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडतात आणि त्यामुळे ठेक्याच्या पोटात एक दुसरा, आडवा ठेका सतत चालू राहतो. तिसरी गोष्ट आकाराची. स्वरविस्तार बहुतेक आकारात होतो. सरगमेचा आधार कोणी घेत नाही. चौथी आणि माझ्या मते मुख्य गोष्ट अशी, की मुखड्यावर येणे ही वेगळी क्रिया नसते. पुष्कळ गवई विस्तार संपवितात, क्षणभर थांबतात आणि मग मुखडा उचलतात. येथे विस्ताराचे शेवटचे टोकच मुखडा होऊन जाते. श्रोत्यास कळते तेव्हा सम आलेली असते. या चारही बाबतींत केसरबाई, मोगूबाई आणि मन्सूर यांच्यात मतभेद नाही. तेव्हा हे चार विशेष खाँसाहेबांचे होते, असे आपण बरेच निःशंकपणे म्हणू शकतो. ज्या गळ्याची एकही तबकडी नाही त्याची ही चार लक्षणे तीन साक्षीदारांनी आपणांस दिली.

रागांच्या बाबतीतही तीच कसोटी लावून पाहावी. नंद, बिहागडा, ललितागौरी हे राग केसरबाई आणि मन्सूर या दोघांच्याही गायनात येतात. नंदात बिहागाची छाया इतकी दाट आहे की गवई जरा गाफील राहिला तर बिहागच होऊन बसतो. धैवतावरून पंचमास येऊन तेथून एकदम रिषभ घेऊन षड्जावर उतरणे ही त्याची खूण. केसरबाई ही खूण विस्ताराने, ठाशीवपणे दाखवितात. मन्सूर ती जाता जाता, जणू खांद्यावरून मागे पाहत दाखवितात. पण दोघांपैकी कोणीही ती टाळीत नाही, आणि सोपी म्हणून बिहागाच्या अंगणात फार वेळ रमतही नाही. संपूर्ण मालकंसाचे त्याहून कठीण. मालकंसात रिषभ-पंचम वर्ज्य. येथे ते दोन्ही स्वर येतात आणि तरी मालकंसाचे गांभीर्य ढळू द्यावयाचे नाही. पंचमावर दोन घटका जास्त रेंगाळले की राग गेला. अशा ठिकाणी गुरूची चीज ही नुसती कविता राहत नाही, ती वाटाड्या होते. कोणत्या दगडावर पाय द्यावा आणि कोणता दगड हलतो हे ती सांगते. चिजेची बांधणी सैल केली की वाटाड्या हरवतो आणि गवई रागाच्या नावाखाली भलत्याच रानात शिरतो.

टीकेच्या लेखात केवळ स्तुती शोभत नाही. या तिघांनीही गुरूस पूर्ण न्याय दिला असे म्हणता येणार नाही. केसरबाईंच्या भरदार स्वरविलासात चिजेचे शब्द कधी कधी बुडून जातात आणि अंतरा केव्हा आला हे कळत नाही. मोगूबाईंचा संयम क्वचित कोरडेपणाच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहतो. मन्सूरांची ओढ इतकी जबर की स्थायी नीट मांडली जाण्यापूर्वीच तिचा विस्तार सुरू होतो. नवख्या श्रोत्यास चीज हाती लागत नाही. तबकड्यांचाही दोष लक्षात घेतला पाहिजे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीनसाडेतीन मिनिटे मिळत. केसरबाईंची जी एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर या अमेरिकन यानांबरोबर ताऱ्यांच्या प्रवासास गेली, ती देखील एवढ्याच वेळाची आहे. एवढ्या अवकाशात एक कळी दिसते, झाड दिसत नाही. तथापि हे दोष वेगवेगळे आहेत, एकसारखे नाहीत, यातच त्यांची साक्ष खरी असल्याची खूण आहे. तिघांनी ठरवून एकच खोटे सांगितले असते, तर दोषही एकच आढळला असता.

येथे कोणी म्हणेल, 'मग जो शिष्य ही बांधणीच मोडतो त्याचे काय? किशोरी आमोणकरांनी (निधन २०१७) आईच्या लयीचे पाश सैल केले, आलापास प्राधान्य दिले, आणि महाराष्ट्राने त्यांस डोक्यावर घेतले. त्यांस गुरुद्रोही म्हणावयाचे काय?' मुळीच नाही. त्या वेगळ्या झाल्या हे खरे. परंतु किती वेगळ्या झाल्या आणि कोठे झाल्या हे आपणांस नेमके सांगता येते, कारण त्यांच्या मागे मोगूबाईंची चीज जशीच्या तशी उभी होती. मोडणाऱ्याने प्रथम ते अवघड अंगी मुरविले होते. ज्यास गाठ सोडविता येते त्यानेच ती सोडावी; ज्यास ती दिसतही नाही त्याच्या हातून ती सुटत नाही, तुटते. पुण्यतिथीच्या बैठकींत आजकाल जे पुष्कळदा ऐकू येते ते या दुसऱ्या जातीचे असते. चीज खाँसाहेबांची म्हणून जाहीर होते. लय मात्र अशी संथ केलेली असते की अक्षरांची आडवी गुंफण विरघळून जाते. मग रिकाम्या जागा सरगमेने भरल्या जातात, आणि शेवटी टाळ्यांसाठी द्रुत. यात नक्कलही नाही आणि स्वातंत्र्यही नाही. गुरूचे नाव तेवढे आहे.

तरीही या प्रकाराहून मोठी हानी एका निराळ्या गोष्टीने झाली आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे आदरापोटी फारसे बोलले जात नाही. विद्या राखून ठेवण्याची सवय ही ती गोष्ट. चीज ही घरची मिळकत. ती पोटच्या पोरास किंवा एखाद्या निवडक शिष्यास द्यावी, इतरांपासून झाकावी, असे पूर्वीच्या पिढ्यांस वाटे. त्यामागे कारणेही होती. चीज हेच गवयाचे भांडवल असे आणि ते चोरून नेणारेही पुष्कळ असत. केसरबाईंनी विद्या दिली ती फारच थोड्यांना. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि भुर्जीखाँकडे शिकून तयार झालेल्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांस त्यांची दीर्घ तालीम लाभली, हा अपवादच म्हणावयाचा. अपात्राच्या हाती चीज देऊन तिचे धिंडवडे काढून घेण्यापेक्षा ती आपल्याबरोबर गेलेली बरी, या म्हणण्यात एक प्रकारचा बाणा आहे, हे नाकारता येत नाही.

परंतु वर सांगितलेल्या कसोटीचा विचार करता या बाण्याची किंमत कोण भरतो ते पाहावे. जी चीज तीन गळ्यांत गेली तिच्यातील गुरूचा भाग आपणांस ओळखता येतो. जी एकाच गळ्यात राहिली तिच्याविषयी काहीच सांगता येत नाही. तो वळसा खाँसाहेबांचा होता की बाईंचा? ती मात्रा मुळातच तेथे होती की पुढे सरकली? दुसरा साक्षीदार नाही, तेव्हा उत्तर नाही. म्हणजे शिष्य जेव्हा गुरूची चीज कोंडून ठेवतो, तेव्हा तो जगास वंचित करतो ही गोष्ट दुय्यम होय. तो प्रथम गुरूसच पुसून टाकतो. त्याच्या कंठात गुरू आणि तो स्वतः इतके एकजीव होतात की पुढे गुरूस वेगळे काढणे कोणासही शक्य होत नाही. भक्तीच्या भरात केलेली ही गोष्ट परिणामी भक्तीच्या अगदी उलट ठरते.

म्हणून गुरूच्या रचनांस वंदन करू इच्छिणाऱ्या शिष्याकडे आपण दोन मागण्या करावयास हव्यात. पहिली अशी, की रचनेतील अवघड जागा त्याने आपल्या सोयीसाठी सोपी करू नये. तेवढे सांभाळून त्याने स्वतःच्याच गळ्याने गावे, कारण गुरूचा गळा त्यास मिळणार नाही आणि मिळावा अशी गुरूची अपेक्षाही नसते. दुसरी अशी, की ती चीज त्याने एकाहून अधिक जणांस, आणि एकमेकांसारखे नसलेल्या जणांस, द्यावी. गळा बसलेल्या एका माणसाने जी वाट काढली ती गोव्याच्या दोन स्त्रियांनी आणि धारवाडच्या एका कानडी गवयाने आपापल्या चालीने चालून दाखविली, म्हणून ती वाट आज आपणांस दिसते. शाहू महाराजांच्या दरबारात सत्तावीस वर्षे घुमलेला आवाज कोल्हापुरास पुन्हा ऐकू येणार नाही. त्या आवाजाने काय बांधले होते ते मात्र अजून ऐकता येते. जोपर्यंत तीन गळे वेगवेगळे गाऊन एका समेवर येत आहेत तोपर्यंत.